मधलं नाव

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या शाळकरी पोराला नाव विचारा, तो आडनावापासून सुरुवात करतो. आधी पाटील, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. शाळेच्या हजेरीपटावर तसंच लिहिलेलं असतं, बाई तसंच पुकारतात आणि पुढं जन्मभर तोंडाला तीच सवय राहते. आमच्या गल्लीत आडनाव सांगून मात्र काहीच उलगडा होत नाही. पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे, बडगुजर, माळी अशी खानदेशातून आलेली ठरावीक आडनावं प्रत्येक सोसायटीत. मिलच्या मस्टरवर, गॅसच्या वहीत, मतदार यादीत एकाच नावाचे दोन-तीन पाटील निघतात आणि मग सगळ्यांचं बोट मधल्या नावावर येऊन थांबतं. कुणाचा मुलगा, ते कळलं की माणूस कळतो. ज्यांना सगळं गुजरात सी. आर. म्हणून ओळखतं, ते जळगाव जिल्ह्यात १९५५ साली जन्मलेले आणि २००९ पासून नवसारीचे खासदार असलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील. आमच्याकडची जुनी माणसं 'आर. म्हणजे रघुनाथ' हे आवर्जून सांगतात. पोरगा कितीही मोठा झाला तरी त्याच्या नावात बाप उभा असतो, असं त्यांना त्यातून म्हणायचं असतं.

भावाला मुलगा झाला तेव्हा बारशाला नाव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला. तो आत्याचाच. खानदेशात आम्ही तिला फुई म्हणतो. शेजारच्या गुजराती घरांत सहाव्या दिवशी छठी होते, तिथंही नाव फोईच पाडते. मान मिळाला तसा घोरही लागला. नावांच्या याद्या भावजयीकडे होत्या, मोबाइलवर होत्या, शेजारणींच्या तोंडात होत्या. मला मात्र पहिल्या नावापेक्षा मधल्या नावानं धरून ठेवलं. मुलाचं पहिलं नाव आपण निवडतो आणि मधलं आपोआप येतं, असं सगळे धरून चालतात. खरं म्हणजे मधलं नावही कुणीतरी निवडलेलंच असतं, फक्त एक पिढी आधी. माझ्या भाच्याचं मधलं नाव महेश. ते १९९४ साली आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, सुचवलं होतं. आणि आता मी जे नाव पाळण्यात ठेवणार, ते उद्या या पोराच्या पोरांच्या नावात मधे जाऊन बसणार. त्यामुळं निवडायचं ते दोन जागांसाठी. ही गोष्ट मला आबांच्या सांगण्यातून कळली होती, आणि ते सांगणं सुरू झालं होतं एका अक्षरावरून.

आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून घर चालेना, तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेला आले. खानदेशी माणसाला सुरत मुंबईपेक्षा जवळची वाटते ती या रुळांमुळं. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली आणि उधना. नवापूरच्या स्टेशनातूनच दोन राज्यांची हद्द जाते. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. गाडी तिथं थांबली की आबा खिडकीतून बाहेर बघत सांगायचे, की आपल्या पोरांनी हद्द ओलांडली तेव्हा सामान फार नव्हतं, एक वळकटी आणि तीन शब्दांचं नाव, एवढंच बरोबर आणलं. नाना उधन्याला उतरले आणि पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये लागले. साडीच्या कापडाचे तागे रंगवायचं काम. बारा तासांची पाळी, वाफ, अंगाला रंगाचा वास.

मिलमध्ये नाव लिहून घेताना नानांनी सांगितलं, 'आत्माराम एस. पाटील.' कारकुनानं गुजराती पद्धतीनं भाई जोडलं आणि ते आत्मारामभाई एस. पाटील झाले. 'एस.' मागचं नाव त्यांनी उघडलं नाही. ते होतं सुपडू.

पुढं बऱ्याच वर्षांनी, आबा शेती वाट्यानं देऊन आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा, पीएफची वर्षाची स्लिप आली. घरातल्या वाचता येणाऱ्यांत मी तरबेज, म्हणून ती मी मोठ्यानं वाचली: आत्मारामभाई सुरेशभाई पाटील. कुठल्या तरी यादीत पूर्ण नाव भरायची वेळ आली होती आणि कुणीतरी 'एस.' चा सुरेश करून टाकला होता. नानांना ते आधीच्या वर्षीपासून माहीत होतं. ते काही बोलले नव्हते. सुरेश नाव चारचौघांत बरं दिसतं, असं त्यांना वाटलं असावं. आबा पलंगावर बसले होते, तंबाखू मळत. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. मग ते अहिराणीत एवढंच म्हणाले, 'हाई नाव माले जगाडाले ठेयेल व्हतं, मिरावाले नही.' हे नाव मला जगवण्यासाठी ठेवलं होतं, मिरवण्यासाठी नाही.

त्या रात्री त्यांनी सुपाची गोष्ट सांगितली. त्यांच्या आईची आधीची मुलं हाती लागली नव्हती. कुणी देवीनं गेलं, कुणी नुसत्या तापानं. आबा जन्मले तेव्हा सुईणीनं त्यांना पाळण्यात घातलंच नाही. सूप मागवलं, त्यात मूठ-दोन मुठी बाजरी पसरली, वर फडकं आणि फडक्यावर मूल. सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं. ठरल्याप्रमाणं शेजारची बाई आली, सूप उचलून आपल्या घरी घेऊन गेली आणि मूल आपलं म्हणून सांगू लागली. मग आबांची आई तिच्या दारात गेली, पदरात शेरभर बाजरी घेऊन. ती तिला दिली आणि मूल विकत घेतलं. आता ते तिचं नव्हतंच. शेजारणीकडून आणलेलं, सुपातलं, शेरभर बाजरीच्या मोलाचं. ज्या कुणाची नजर त्या घरातल्या लेकरांवर होती त्याला यात घेण्यासारखं काही दिसू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून सुपडू.

खानदेशातली जुनी मतदार यादी किंवा सातबारा उघडला तर अशी नावं ओळीनं सापडतात. भिकन किंवा भिका, ज्याच्या आईनं पाच घरी पदर पसरून मागितलेल्या चिंध्यांचं झबलं शिवलं. उखर्डू, ज्याला जन्मल्यावर क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचललं. नथ्थू, ज्याचं नाक टोचून नथ घातली, मुलगा आहे हे कळू नये म्हणून. दगडू, धोंडू, कचरू, फकिरा. ही नावं ठेवणारी माणसं अडाणी होती असं मला कधीच वाटलं नाही. त्या काळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत, या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांमागं साधारण एक मूल वर्षाच्या आत जात होतं. १९१८ च्या तापाच्या साथीनं गावंच्या गावं ओस पाडली होती. डॉक्टर नव्हता, लस पोचलेली नव्हती. आईच्या हातात एकच गोष्ट होती, नाव. तिनं ते हत्यारासारखं वापरलं. पुढं देवीची लस घरोघर पोचली, १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली आणि आमच्या वाड्यावस्त्यांवर सुपडू, उखर्डू जन्मायचे थांबले. भीती गेली तशी नावं गेली. माझ्या पिढीनं त्या नावांना हसून घालवलं, पण ती गेली ती लसीमुळं, आणि ती गेली हे चांगलंच झालं. फक्त ज्यांनी ती नावं अंगावर वागवली त्यांना लपवायचं कारण काहीच नव्हतं.

नवसाचं नाव गरिबाघरचंच असतं असंही नाही. आबांना शिवाजी महाराजांच्या घराण्याची गोष्ट फार प्रिय होती. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, त्यांनी नगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला आणि मुलगे झाले तेव्हा त्या पीराच्या नावावरून एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं, असं परंपरा सांगते. म्हणजे छत्रपतींच्या नावात जे मधलं नाव आहे तेही असं मागून आणलेलं, कृतज्ञतेचं. आबा हे सांगत आणि मग आपल्या नावाकडं वळून म्हणत, 'पीराचं असो की सुपाचं.'

सुपाची गोष्ट ऐकल्यावर काही दिवसांनी नाना अर्धी पाळी बुडवून नोटरीकडे गेले. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, की आत्मारामभाई एस. पाटील, आत्मारामभाई सुरेशभाई पाटील आणि आत्माराम सुपडू पाटील या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे आणि ती मी आहे. सुरतेत आल्यापासून सुपडू हे नाव त्यांनी कागदावर पहिल्यांदा तेव्हा घातलं. ते काम सोपं झालं नाही, खेटे बरेच पडले, पण झालं. पुढं आबा गेल्यावर गावी वारस नोंद करताना तलाठ्यापुढं तेच प्रतिज्ञापत्र कामाला आलं. सातबाऱ्यावर 'सुपडू काशिनाथ' आणि सुरतेच्या कागदांवर 'एस.' एवढंच राहिलं असतं, तर स्वतःच्या बापाचा मुलगा असल्याचं सिद्ध करत नाना अजून फिरत असते.

भाईचा घोळ तर आमच्यासारख्या प्रत्येक घरात आहे. माझा जन्म सुरतेतला. माझ्या दाखल्यावर माझ्या नावापुढं बेन आहे आणि नानांच्या नावापुढं भाई. महेश जन्मला १९९४ मध्ये, सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठली त्यानंतर. तेव्हा स्टेशनावर माणसांवर माणसं पडत होती, जो तो मिळेल त्या गाडीनं गावाकडे निघालेला. आई दिवस भरत आलेली, आबांनी तिला आणि मला घेऊन भुसावळची गाडी गाठली. महेशचा जन्म गावी झाला आणि नोंद ग्रामपंचायतीत, आत्माराम सुपडू पाटील यांचा मुलगा म्हणून, भाईशिवाय. एकाच आईबापांची आम्ही दोन मुलं, पण आमच्या मधल्या नावांत दोन राज्यांइतकं अंतर. पासपोर्टच्या वेळी ते अंतर भरून काढायला मला पुन्हा प्रतिज्ञापत्र करावं लागलं. भाई आणि बेन हे आदराचे शब्द आहेत, गुजराती माणूस ते मायेनं लावतो, आणि हाकेत मला ते आवडतात. कागदावर मात्र नाव जसं ठेवलं तसंच असावं, असं माझं ठाम मत आहे. नंतर माझं लग्न झालं आणि मधे नानांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं. पुरुषाचं मधलं नाव त्याला मरेपर्यंत सोडत नाही, बाईचं मात्र बदलतं. ज्या आत्यानं घराण्याचं नाव पुढं चालवायचं तिच्याच नावातून ते घराणं निघून गेलेलं असतं, हे बारशाच्या तयारीत मला जितकं टोचलं तितकं आधी कधी टोचलं नव्हतं.

नाव ठेवायचं आणि घ्यायचं मात्र नाही, हा जुन्या घरांचा आणखी एक नियम. आजी नवऱ्याचं नाव घेत नसे हे तर झालंच, पण ती सुपाला सूप म्हणत नसे. 'ते पाखडायचं आण,' म्हणायची. शेजारणीच्या दारात सूप मागायला गेली तरी पाखडायचंच. आई तिच्या मानानं पुढारलेली, तरी रेशनकार्डाच्या खिडकीशी नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची. मी टाचा उंचावून जाळीतून ओरडायचे, 'आत्माराम!' आणि आई पदर सारखा करत दुसरीकडे बघायची. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे दोन्ही पाळायचं तर आईनं पोराला हाक मारायची कशी? म्हणून तर बापू, नाना, आबा, भाऊ, दादा, अण्णा ही हाकेची नावं घरोघर आली. पेशव्यांच्या घरात बघा. बाळाजी विश्वनाथांच्या मुलाचं पाळण्यातलं नाव विसाजी, आजोबा विश्वनाथ यांच्यावरून. जगाला तो बाजीराव म्हणून माहीत झाला. त्या बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, आजोबांवरून, आणि हाकेला नानासाहेब. छत्रपतींच्या घरात संभाजी महाराजांच्या मुलाचं नाव आजोबांचंच, शिवाजी. आपण त्यांना शाहू महाराज म्हणतो. टिळकांचं नाव केशव, घरात बाळ, आणि इतिहासात गेले ते बाळ गंगाधर. हाकेच्या नावानं मूळ नावाला बाजूला सारलं, पण मधला गंगाधर जागचा हलला नाही.

मधल्या नावाची ही किंमत आपल्याकडच्या माणसाला उपजत कळते. उत्तर प्रदेशात सरकारी कागदांवर बाबासाहेबांचं नाव नुसतं भीमराव आंबेडकर असं लिहिलं जायचं. तिथं राज्यपाल असलेल्या राम नाईकांनी, एका मराठी माणसानं, ते लावून धरलं आणि २०१८ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर असं पूर्ण नाव लिहायचा आदेश निघाला. त्यावर तेव्हा राजकारणाची बरीच चर्चा झाली. माझ्या मनात मात्र एवढंच आलं, की सुभेदार रामजींनी ज्या हालांत पोराला शिकवलं, त्या बापाचं नाव पोराच्या नावातून गाळणं हा अन्यायच होता. पांडेसऱ्यात उत्तर प्रदेश-बिहारची आणि ओडिशाची माणसं आमच्याइतकीच आहेत. महापालिकेच्या शाळा इथं गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. उत्तरेकडच्या पोरांच्या नावात बाप नसतो, कुमार नाहीतर प्रसाद असतो. ती आपली रीत नाही एवढंच, तिच्यात कमी काही नाही. पण गुजराती आणि मराठी यांची रीत इथं तंतोतंत जुळते, आणि परक्या गावात रुजायला आमच्या माणसांना ती फार उपयोगी पडली.

मधलं नाव मुद्दाम निवडल्याचं एक उदाहरण मात्र मला बारशाच्या आधी सारखं आठवत होतं. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ हे तिघं त्यांच्या मनातले मोठे खेळाडू. तिघांना एका पोराच्या नावात बसवलं, आणि मधल्या जागी स्वतःचं नाव न घालता मित्रांचं घातलं. ते मला उमदं वाटतं. सगळ्यांना तसं करता येत नाही, आणि आमच्यासारख्यांना करूही नये, कारण आमच्याकडे ती जागा मोकळी नाही, बापानं भरलेली आहे. पण ती जागा प्रेमानं भरायची असते एवढं त्यातून घ्यावं.

भटजींनी पत्रिका मांडली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, आणि तिसऱ्या चरणाला येतो ण. णवरून नाव कुठलं काढणार? भटजींनीच मार्ग सांगितला, की पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं ठेवा, व्यवहाराचं तुम्हाला हवं ते. भावजयीच्या यादीत आरव, विहान, रेयांश होते. ती नंदुरबारची, शिकलेली, स्पष्ट बोलणारी. तिचं म्हणणं, पोराला वर्गात कुणी हसू नये. हे म्हणणं मी हलक्यानं घेतलं नाही. ज्या घरानं 'एस.' लपवला त्या घरातल्या मुलीनं ते हलक्यानं घेऊच नये. पण मी तिला एक करून बघायला सांगितलं. नाव तीनदा म्हणायचं. एकदा नुसतं, पाळण्यावर वाकून. एकदा महेश जोडून. आणि एकदा पुढं रिकामी जागा सोडून, जशी त्याच्या मुलाच्या दाखल्यावर सोडावी लागेल. शिवाय ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला त्या नावानं हाक मारून बघायची. विहान तसं वाईट वाटलं नाही. रेयांशवर तिचीच जीभ अडली.

पतंजलींनी महाभाष्यात व्याकरण कशाला शिकायचं ते सांगताना मुलाच्या नावाचा नियम दिला आहे. दहा दिवस उलटल्यावर नाव ठेवावं, ते दोन किंवा चार अक्षरी असावं, पहिलं अक्षर घोष असावं, शत्रूच्या घरात रुळलेलं नसावं, आणि बापाच्या वरच्या तीन पुरुषांशी त्याचा धागा असावा. हा शेवटचा नियम मी बरीच वर्षं मनात धरून होते. महेशच्या वरचे तीन पुरुष म्हणजे आत्माराम, सुपडू आणि काशिनाथ. नाना समोर आहेत, जिवंत आजोबांचं नाव नातवाला द्यायला आई तयार नव्हती. सुपडू द्यायचं नाही हे आबाच सांगून गेले होते. ते म्हणायचे, ते नाव गरजेपुरतं होतं, त्याचं काम झालं, पुढं कुणाला चिकटवू नका. माझ्या लेकाच्या नावात मधे राहिलं तेवढं पुरे. राहिला काशिनाथ.

नानांनी ट्रंकेतून जुन्या सातबाऱ्याची नक्कल काढली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. 'सुपडू काशिनाथ' या दोन शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं, रंगाच्या कामानं नखं कायमची काळवंडलेलं बोट, आणि म्हणाले, हा माणूस मी पाहिलेला नाही, पण शेरभर बाजरी त्याच्याच कणगीतली. एवढं ऐकल्यावर भावजय काही बोलली नाही. मग तिनं स्वतःच म्हणून पाहिलं, काशिनाथ महेश. चार अक्षरी आहे, तीन पुरुषांतलं आहे. पहिलं अक्षर घोष नाही, तेवढा एक नियम मोडला. गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडात बसतं. म्हाताऱ्याला शोभतं. आणि मधल्या जागी तर ते आधीच एकदा राहून आलेलं आहे.

बाराव्या दिवशी मी ते नाव पोराच्या कानात सांगितलं. आईची अडचण झालीच. न पाहिलेल्या आजेसासऱ्यांचं नाव तिच्या तोंडातून निघेना, म्हणून तिनं त्याच दिवशी त्याला बापू म्हणायला सुरुवात केली.

जन्माची नोंद करताना नाव नसलं तरी चालतं, नंतर भरता येतं. पूर्वी तर गुरुजी शाळेत घालताना नाव आणि १ जून ही जन्मतारीख एकदमच लिहून टाकत. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच आधार धरला जातो, म्हणून महेशनं घाई केली. फॉर्मवर वडिलांच्या नावापुढं भाई लावायचं नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं आणि खिडकीवर दोनदा सांगून तसंच लिहवून घेतलं. आईच्या नावाचा रकाना वेगळा आहे, तिथं भावजयीनं स्वतःच्या अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि मला विचारलं, हे त्याच्या नावात का नाही? नंदुरबारला तिच्या बहिणीला मुलगा झाला आहे. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाप्रमाणं १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी त्याचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. ताप्ती लाइनवर काही तासांच्या अंतरावर दोन मावसभाऊ, एकाच्या नावात आई आहे, एकाच्या नाही. काही लोकांना ते नवं खूळ वाटतं. नाशिकच्या पांडवलेण्यात सुमारे १,९०० वर्षांपूर्वी गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचा पराक्रम कोरून ठेवला, तो मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. खानदेशाच्या शेजारच्या त्या डोंगरात आईचं नाव आधी येतं, मुलाचं नंतर. मग नवं खूळ कुणाचं म्हणायचं?

गुजरातेत तसा नियम येईल तेव्हा येईल, आणि तो यावा असं मला मनापासून वाटतं. तोवर घरात आमचं ठरलं आहे. बोलू लागला की बापूला नाव शिकवायचं ते चार शब्दांचं: त्याचं, त्याच्या आईचं, त्याच्या बापाचं आणि पाटील. शाळेत बाई तीनच शब्द पुकारतील, त्याला तो हजर म्हणेल. पण गल्लीत कुणी आबांच्या वयाच्या माणसानं 'तुनं नाव काय शे?' म्हणून विचारलं, तर त्यानं चारही सांगावेत, आणि पुढं विचारलंच तर सुपडूचीही गोष्ट सांगावी, 'एस.' न करता.